पदवीनंतर वर्षभर हातात आहे: हॉस्पिटल, लॅब की डेटा?

कोरी_वही

जीवशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण झालं. पुढे वैद्यकीय शिक्षण की पीएचडी, हे अजून नक्की नाही. मधे साधारण चौदा महिने मोकळे आहेत आणि ते नुसता अभ्यास करत घालवायचे नाहीत.

चार प्रकारची कामं समोर दिसताहेत. एक, हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल ट्रायलसाठी, म्हणजे पेशंटवर होणाऱ्या उपचारांच्या चाचण्यांसाठी, असिस्टंट कोऑर्डिनेटर. दोन, पेशंटजवळचं काम, म्हणजे मेडिकल स्क्राइब (डॉक्टरांच्या नोंदी लिहिणारा) किंवा फ्लेबोटॉमिस्ट (रक्त काढणारा). तीन, लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट. चार, एखाद्या रजिस्ट्रीत (ठरावीक आजाराच्या पेशंटच्या नोंदसंग्रहात) किंवा अभ्यासगटात डेटाचं काम. जाहिराती वाचून काहीच कळत नाही, सगळीकडे 'शिकण्याची उत्तम संधी' एवढंच. प्रत्यक्ष दिवसभर काय करावं लागतं, नवखा माणूस कुठे फसतो आणि मुलाखतीत आपण काय विचारायचं, हे जाणकारांनी सांगावं. अनुभव म्हणाल तर कॉलेजची प्रात्यक्षिकं आणि शेवटच्या वर्षाचा छोटा प्रोजेक्ट, बस.

तपासनीस

आधी कॅलेंडर उलटं मोजा. चौदा महिने मोकळे म्हणजे चौदा महिने काम नव्हे. अर्ज, मुलाखत, मग कागदपत्रांची पडताळणी, आरोग्य तपासणी, लसींचे पुरावे, यात हॉस्पिटलच्या नोकरीत दीड-दोन महिने सहज जातात. पुढच्या प्रवेशाचे अर्ज वर्ष संपायच्या बरेच आधी भरायचे असतात आणि शिफारसपत्र त्याच्याही आधी मागायचं असतं. म्हणजे पत्र लिहिणाऱ्याने तुमचं काम पाहिलेलं असतं जेमतेम पाच-सहा महिने. म्हणून कोणती नोकरी भारी, यापेक्षा चौथ्या महिन्यात तुमच्यावर स्वतंत्रपणे काय सोपवलेलं असेल, ते विचारा. पहिले चार महिने नुसतं फायलिंग आणि फोन असतील, तर पत्रातही तेच येणार.

आता ट्रायलच्या कामाबद्दल. रुजू झाल्यावर पहिलं काम म्हणजे जीसीपीचं, म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण. काही तासांचे मोफत ऑनलाइन कोर्स आहेत, ते नोकरीआधीच करून ठेवा. फक्त कोर्स आयसीएच या औषधांचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ई-६ मार्गदर्शिकेच्या तिसऱ्या सुधारित आवृत्तीवर आहे ना, ते बघा. ही आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये स्वीकारली गेली, पण जुन्या आवृत्तीवरचे कोर्स अजून फिरताहेत.

प्रशिक्षण झालं म्हणून लगेच काम सुरू होत नाही. प्रत्येक ट्रायलची एक डेलिगेशन लॉग असते. कोणाला कोणतं काम करायची परवानगी आहे आणि कोणत्या तारखेपासून, ते प्रमुख संशोधकाच्या सहीने तिथे नोंदलेलं असतं. तुमचं नाव १० तारखेला चढलं आणि तुम्ही ८ तारखेला पेशंटची माहिती भरली, तर ऑडिटमध्ये ते पहिल्या तासात सापडतं. 'जरा एवढं करून टाक, सही नंतर घेऊ' असं कोणी म्हणालं तर गोड बोलून नकार द्यायचा.

रोजचं काम साधारण असं: सकाळी ओपीडीची यादी घेऊन ट्रायलमध्ये बसू शकतील असे पेशंट शोधणं. समावेशाचे आणि वगळण्याचे निकष प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे ट्रायलच्या लेखी आराखड्यात, ओळीने दिलेले असतात. नवखे लोक समावेशाचे निकष मन लावून वाचतात आणि वगळण्याच्या यादीत फसतात. 'गेल्या ३० दिवसांत अमुक औषध घेतलेलं नसावं' हे केस पेपरवर दिसत नाही, पेशंटला विचारावंच लागतं आणि औषधांच्या पट्ट्या बघाव्या लागतात.

मग संमती. इथे चूक झाली की ती पुसता येत नाही. संमतीपत्रावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख असते. नैतिक समितीने नवी आवृत्ती मंजूर केली की त्या क्षणापासून जुन्या प्रती ड्रॉवरमधून काढून टाका, कारण घाईत हात जुन्याच गठ्ठ्यावर पडतो. पेशंटने सही आणि तारीख स्वतःच्या हाताने घालायची, तुम्ही तारीख आधी भरून ठेवायची नाही. सहीची एक प्रत त्याला द्यायची आणि दिली अशी नोंद करायची. संमतीच्या आधी केवळ ट्रायलसाठी केलेली कोणतीही तपासणी, अगदी एक ईसीजी का असेना, प्रोटोकॉलचं उल्लंघन ठरते. म्हणून संमतीची नुसती तारीख नाही, वेळही लिहायची सवय लावा. एकाच दिवशी संमती आणि रक्ततपासणी झाली, तर आधी काय झालं हे वेळेवरूनच सिद्ध होतं.

रक्ताचे नमुने हा वेगळा धडा. सीरमची (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवाची) नळी उभी ठेवून साधारण ३० मिनिटं गोठू द्यायची, मगच सेंट्रीफ्यूज, म्हणजे गरगर फिरवणारं यंत्र. घाई केली तर सीरममध्ये तंतू राहतात आणि यंत्राची सुई तुंबते. ईडीटीएची (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाची) नळी ८ ते १० वेळा हळूच उलटी-सुलटी करायची. जोरात हलवली तर लाल पेशी फुटतात. सेंट्रीफ्यूजवर आरपीएम (मिनिटाला फेरे) दिसतो, प्रोटोकॉलमध्ये मात्र 'जी' (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) दिलेला असतो, आणि दोन्ही एक नव्हेत. रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग, गुणिले ०.००००१११८, म्हणजे 'जी'. ३००० आरपीएमला १० सेंटिमीटर त्रिज्येवर सुमारे १००० जी मिळतो, १५ सेंटिमीटरवर सुमारे १५००. यंत्र बदललं की हा हिशोब पुन्हा करायचा.

नमुने ड्राय आइसमध्ये (गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये) पाठवायचे असतील तर ते धोकादायक मालात मोडतं: यूएन १८४५, वर्ग ९. पाठवणाऱ्याकडे आयएटीए या आंतरराष्ट्रीय विमान वाहतूक संघटनेच्या नियमांचं प्रशिक्षण लागतं आणि ते दर दोन वर्षांनी नवं करावं लागतं. ज्या उमेदवाराकडे हे आधीच असतं, त्याला पहिल्या आठवड्यापासून काम मिळतं. खोका हवाबंद करायचा नाही, वायू बाहेर पडायला वाट हवी, नाहीतर खोका फुटतो. आठवड्याच्या शेवटच्या दिवशी आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी काही पाठवायचं नाही, पार्सल गोदामात पडून राहिलं तर बर्फ संपतो आणि नमुना हातचा जातो.

शिवाय कागदावरच्या चुकीवर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर नोंद, आद्याक्षरं आणि तारीख. पांढरी शाई टेबलावर दिसली तरी मॉनिटर, म्हणजे ट्रायल चालवणाऱ्या प्रायोजकाने नोंदी तपासायला पाठवलेला माणूस, भुवया उंचावतो. गंभीर दुष्परिणाम कळल्यापासून बहुतेक प्रोटोकॉलमध्ये २४ तासांच्या आत प्रायोजकाला कळवायचा असतो. 'कळल्यापासून' म्हणजे टीममधल्या कोणालाही कळल्यापासून. पेशंटचे नातेवाईक रविवारी फोनवर तुम्हाला म्हणाले, 'काल अॅडमिट केलं', तर घड्याळ त्या फोनपासून सुरू. औषधांच्या फ्रिजचं तापमान २ ते ८ अंशांबाहेर गेलं तर औषध फेकायचं नाही आणि वापरायचंही नाही. वेगळं ठेवायचं, वर चिठ्ठी लावायची, प्रायोजकाच्या उत्तराची वाट बघायची.

मुलाखतीत हे विचारा: सध्या किती ट्रायल चालू आहेत आणि त्यातल्या किती पेशंट घेत आहेत? ज्या ट्रायलची भरती बंद होऊन फक्त पाठपुरावा उरलाय, तिथे संमती घेणं शिकायला मिळणार नाही. आणि जी अजून सुरूच झालेली नाही, तिथे मंजुऱ्यांची वाट बघण्यात तुमचं वर्ष जाईल.

रात्रपाळी

वरचं सगळं बरोबर, पण वैद्यकीय शिक्षणाचा विचार असेल तर आधी पेशंटच्या जवळ जा. ट्रायलमध्ये पेशंट भेटतो तो निवडलेला, शांत बसलेला, तासभर वेळ असलेला. वॉर्ड तसा नसतो.

स्क्राइबचं काम म्हणजे डॉक्टर बोलतील ते नोंदीत उतरवणं: तक्रार काय, कधीपासून, तपासणीत काय आढळलं, पुढे काय करायचं. टायपिंगचा वेग लागतोच, पण वेगापेक्षा शिस्त महत्त्वाची. डॉक्टरांनी छाती तपासली नाही तर 'छाती स्वच्छ' असं साच्यातून आपोआप आलेलं वाक्य काढून टाकायचं. मागच्या भेटीची नोंद कॉपी करून आणली की जुनं तापमान, बंद झालेलं औषध, मागच्या वेळचा डावा गुडघा, सगळं त्याच्यासोबत येतं. डावा-उजवा प्रत्येक वेळी मोठ्याने विचारून घ्या, कोणी रागावत नाही. संक्षेप आपल्या मनाने लिहू नका, एकाच संक्षेपाचा अर्थ हृदयविभागात एक आणि मेंदूविभागात दुसरा असतो.

एक धोका आधीच सांगते. संभाषण ऐकून नोंद तयार करणारी सॉफ्टवेअर बऱ्याच ठिकाणी आली आहेत आणि स्क्राइबच्या काही जागा त्यामुळे कमी होताहेत किंवा नुसतं तपासणीचं काम उरतंय. मुलाखतीत थेट विचारा: मी डॉक्टरांसोबत खोलीत असेन की दूर बसून रेकॉर्डिंग ऐकेन? दुसरं उत्तर असेल तर तुमच्या दृष्टीने त्या नोकरीतला अर्धा जीव गेला.

फ्लेबोटॉमीला प्रमाणपत्राचा कोर्स लागतो की नाही, ते ठिकाणावर अवलंबून आहे, पण शिकायच्या गोष्टी त्याच. नळ्यांचा क्रम पाठ हवा: आधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू शोधायची बाटली), मग सायट्रेटची निळी, मग सीरमची लाल किंवा पिवळी, मग हेपरिनची हिरवी, मग ईडीटीएची जांभळी, शेवटी फ्लोराइडची करडी. ईडीटीए हा पोटॅशियमचा क्षार म्हणून वापरलेला असतो आणि तो कॅल्शियम धरून ठेवतो. जांभळी आधी भरली आणि तिचा अंश सुईवाटे सीरमच्या नळीत गेला, तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम खोटं वाढलेलं आणि कॅल्शियम खोटं घटलेलं दिसतं, आणि पेशंटला काहीही झालेलं नसताना धावपळ होते. निळी नळी रेषेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण त्यात रक्त आणि सायट्रेटचं प्रमाण ९ ला १ धरलेलं असतं. अर्धवट भरली की रक्त गोठायचा वेळ लांबलेला दिसतो. दंडावरचा पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त नको. 'मूठ उघडा-मिटा' सांगायची जुनी सवय सोडा, त्यानेही पोटॅशियम वाढतं.

आणि लेबल. रक्त घेतल्यावर, पेशंटच्या शेजारी उभं राहूनच, नाव आणि दुसरी एक ओळख त्याच्याच तोंडून ऐकून. 'तुम्ही अमुकच ना?' असं विचारलं तर अर्धवट झोपेतला माणूस कशालाही हो म्हणतो. 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं म्हणा. आधी लेबल लावून ठेवलेल्या रिकाम्या नळ्यांचा ट्रे घेऊन वॉर्डात फिरणं, ही चुकीच्या माणसाला चुकीचं रक्त चढण्याची सुरुवात असते.

सुई टोचली तर दाबून रक्त काढत बसू नका. साबण-पाण्याने धुवा, लगेच वरिष्ठांना सांगा, नोंद करा. एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार जितका लवकर तितका चांगला, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवा आणि २८ दिवस चालतो. शिफ्ट संपल्यावर बघू, असं करायचं नाही. रुजू होतानाच विचारून ठेवा की रात्री तीन वाजता सुई टोचली तर नेमकं कुठे जायचं. ज्या जागी याचं सरळ उत्तर मिळत नाही, तिथे काम घेऊ नका, कितीही मोठं नाव असो.

हिपॅटायटिस बीची लस आजच बघा. तीन डोस ०, १ आणि ६ महिने असे असतात आणि शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटीबॉडीची तपासणी करतात. १० एमआययू प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त आली तर ठीक. लहानपणी घेतली असेल तर कार्ड शोधून काढा.

उणे_ऐंशी

पीएचडीची शक्यता असेल तर लॅबमधला अनुभव दुसऱ्या कशाने भरून निघत नाही, हे माझं स्पष्ट मत. मात्र वर्षभरासाठी लॅब निवडताना शोधनिबंधांची यादी बघून भुलू नका. तीन गोष्टी विचारा. माझं काम चालू प्रोजेक्टवर असेल की नव्या? मला रोज शिकवणार कोण, म्हणजे प्राध्यापक नव्हे, बाकावर शेजारी उभं राहणारी व्यक्ती? ती व्यक्ती वर्षभर तिथे आहे का? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, आणि शिकवणारा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) तिसऱ्या महिन्यात दुसरीकडे गेला की तुमचा प्रोजेक्टही बंद.

प्राण्यांवरचा नवा प्रयोग वर्षभरात हाती लागेल ही आशा सोडा. मंजुरीला महिने जातात, मग प्रजनन, मग वय वाढायची वाट. चालू प्रोजेक्टमध्ये एक पद्धत नीट शिकणं, तिचे कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेले नमुने) समजणं आणि ती बिघडली तर का बिघडली हे शोधता येणं, एवढं झालं तरी वर्ष सत्कारणी.

पहिल्या आठवड्यात पिपेट. कॉलेजात सगळ्यांना येतं असं वाटतं, येत नाही. पिपेटच्या कमाल क्षमतेच्या ३५ ते १०० टक्के एवढ्याच पट्ट्यात भरवसा ठेवा. ५ मायक्रोलिटर घ्यायला १०० चा पिपेट उचलू नका. टिप आधी त्याच द्रवाने एकदा ओली करा, उभा धरा, सावकाश सोडा. स्वतःची परीक्षा सोपी आहे: वजनकाट्यावर छोटी वाटी ठेवून १०० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा टाका. दर वेळी ०.१ ग्रॅमच्या आसपास यायला हवं. आकडे सारखे पण सगळेच कमी येत असतील तर पिपेट तपासायला द्या, वरखाली होत असतील तर हात.

पीसीआरची (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीची) मास्टर मिक्स, म्हणजे सगळ्या नळ्यांसाठीचं एकत्र मिश्रण, करताना नमुन्यांपेक्षा दहा टक्के जास्तीची करा, शेवटच्या नळीला कमी पडते ती कायम. पाण्याचा कंट्रोल (डीएनएऐवजी नुसतं पाणी घातलेली नळी) वाचवू नका. त्यात पट्टी दिसली तर त्या दिवसाचा सगळा निकाल टाकाऊ, आणि तो टाकून द्यायचा धीर ठेवायचा.

पेशींच्या कल्चरमध्ये सगळ्यात छुपा शत्रू मायकोप्लाझ्मा, एक अतिसूक्ष्म बॅक्टेरिया. बुरशी आली तर डोळ्यांना दिसते, इतर बॅक्टेरिया वाढले तर माध्यम गढूळ होतं. मायकोप्लाझ्माने यातलं काहीच होत नाही. पेशी फक्त थोड्या मंद वाढतात आणि प्रयोगाचे आकडे विचित्र यायला लागतात. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून नेहमीचं पेनिसिलिन काही करत नाही, आणि आकार इतका छोटा की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो. लॅबमध्ये दर महिन्याला पीसीआरने तपासणी होते का, हा मुलाखतीत विचारायचा उत्तम प्रश्न आहे. समोरच्याचा चेहरा बघूनही उत्तर कळतं.

पेशी गोठवताना मिनिटाला साधारण एक अंश या वेगाने थंड करायच्या, वितळवताना मात्र ३७ अंशांवर झटपट. बाहेरून आलेल्या पेशी चाचणी होईपर्यंत वेगळ्या इनक्युबेटरमध्ये. द्रव नायट्रोजन उणे १९६ अंशांवर असतो. त्वचा भाजते हे सगळ्यांना माहीत असतं, पण बंद खोलीत तो ऑक्सिजनची जागा घेतो आणि माणूस कसलीही पूर्वसूचना न मिळता कोसळतो, हे माहीत नसतं. त्याचा कॅन घेऊन लिफ्टमध्ये आपण चढायचं नाही.

वहीत तारीख, हेतू, प्रत्यक्ष काय केलं, आणि रसायनांचे लॉट नंबर. अँटीबॉडीचा लॉट बदलला म्हणून वेस्टर्न ब्लॉट (प्रथिन ओळखायची चाचणी) बिघडला, हे शोधायला नंबरच उपयोगी पडतो.

कोरी_वही

खूपच उपयोगी, सगळ्यांचे आभार. दोन प्रश्न. घरून करता येईल असं डेटाचं काम या सगळ्यापुढे कमी दर्जाचं मानलं जातं का? आणि एका गटाकडून 'सहा महिने बिनपगारी, शेवटी शोधनिबंधात नाव नक्की' अशी ऑफर आहे. घ्यावी का?

रकाना_क्र_७

दुसऱ्याचं उत्तर आधी. 'नाव नक्की' असं काम सुरू व्हायच्या आधी सांगणारा गट लेखकत्वाचे नियम तरी पाळत नाही, किंवा तुम्हाला गंडवतो तरी आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे, म्हणजे आयसीएमजेईचे, चार निकष आहेत आणि चारही पूर्ण व्हावे लागतात: आखणीत, डेटा गोळा करण्यात, विश्लेषणात किंवा त्याचा अर्थ लावण्यात भरीव वाटा; मसुदा लिहिणं किंवा त्यात महत्त्वाचे बदल सुचवणं; अंतिम मसुद्याला मंजुरी; आणि कामाच्या सगळ्या बाजूंची जबाबदारी. नुसता डेटा गोळा केला तर नाव ऋणनिर्देशात जातं. पण त्याच नियमांत पुढे असंही आहे की ज्याने पहिला निकष पूर्ण केलाय, त्याला मसुद्यात भाग घ्यायची संधी दिली पाहिजे. म्हणून विचारायचं असं: 'डेटाचं काम मी पूर्ण केलं, तर मसुदा वाचून सुधारणा सुचवायला मला बोलावलं जाईल का?' उत्तर ईमेलवर घ्या. आणि इंटर्नशिपसाठी तुमच्याकडूनच पैसे मागणारे, त्यांना उत्तरही देऊ नका.

बिनपगारी काम सरसकट वाईट नाही. आठवड्यातून एक दिवस डॉक्टरांसोबत निरीक्षणाला जाणं वेगळं आणि रोज आठ तास नोंदी भरणं वेगळं. दुसरं काम नोकरीच आहे, तिचा पगार असतो.

आता डेटा. दर्जा कमी मुळीच नाही, पण 'डेटा एंट्री' आणि 'डेटा मॅनेजमेंट' यातला फरक ओळखा. पहिल्यात कागदावरचं स्क्रीनवर चढवायचं असतं. दुसऱ्यात कोणता रकाना कसा असावा, कोणती किंमत अशक्य, कोणती नोंद परत पाठवायची, हे ठरवायचं असतं. जाहिरातीत रेडकॅप या संशोधनाचा डेटा भरायच्या सॉफ्टवेअरचं नाव असेल तर विचारा की मी फॉर्म भरणार की फॉर्म बनवणार. रेडकॅप व्हँडरबिल्ट विद्यापीठात २००४ मध्ये तयार झालं आणि शैक्षणिक संशोधनात सर्रास वापरलं जातं. त्यात डेटा डिक्शनरी (कोणत्या रकान्यात काय आणि कसं, याची यादी) बनवता येणं आणि त्यापुढे आर किंवा पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषांत विश्लेषण, एवढं आलं तर ट्रायलवालेही तुम्हाला शोधत येतील.

चुका कुठे होतात? तारखा. ०३/०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च, हे दोन केंद्रांनी वेगवेगळं धरलं की वय, कालावधी, सगळंच बिघडतं आणि बऱ्याचदा कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून वर्ष-महिना-दिवस हाच क्रम: २०२५-०४-०३. एक्सेल तर मुलखाचा आगाऊ. पेशंट क्रमांक ००४७ लिहिला की तो ४७ करतो. जनुकांची नावं तारखा समजून बदलतो, मार्च-१ नावाचं जनुक १ मार्च होऊन बसतं. हा घोळ इतका वाढला की जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये अशा जनुकांची अधिकृत नावंच बदलली, सेप्ट-१ चं सेप्टिन-१ केलं. फाइल उघडायच्या आधी रकाना टेक्स्ट म्हणून आयात करा, उघडून सेव्ह केल्यावर मूळ नाव परत मिळत नाही.

माहिती नसेल तिथे ९९ लिहायची पद्धत अजून अनेक ठिकाणी आहे. वयाच्या रकान्यात ९९ हा माणूसही असू शकतो. मग सरासरी वय चार वर्षांनी चढतं आणि सगळे कारण शोधत बसतात. अशक्य संख्या घ्या किंवा 'माहिती नाही' असा वेगळा पर्याय ठेवा. मूळ फाइलला कधीच हात लावायचा नाही. बदल सगळे कोडमधून, म्हणजे कोणी विचारलं तर ओळ दाखवता येते.

पद्धतशीर आढाव्याच्या, म्हणजे एका प्रश्नावरचे सगळे शोधनिबंध शोधून पारखणाऱ्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूच्या गटात घरून काम मिळतं आणि शिकायला भरपूर असतं. प्रत्येक शोधनिबंध दोघांनी स्वतंत्रपणे चाळायचा, मतभेद तिसऱ्याने सोडवायचे, आराखडा स्क्रीनिंगच्या आधी प्रॉस्पेरो या आढाव्यांच्या नोंदणी यादीवर नोंदवायचा, अहवाल प्रिझ्मा २०२० या नियमावलीनुसार. फक्त शून्यापासून सुरू होणाऱ्या आढाव्यात शिरू नका, तो वर्षात छापून येणं अवघड. ज्यांचा शोध झालाय आणि चाळणी चालू आहे, अशांना विचारा, त्यांना माणसं हवीच असतात.

रात्रपाळी

डेटाचं काम घरून असेल तर त्याच्या जोडीला आठवड्याची एक-दोन सत्रं पेशंटजवळचं काहीतरी ठेवा. वैद्यकीय प्रवेशाच्या मुलाखतीत 'पेशंटसोबत काय केलंत' हे विचारतात, तेव्हा रजिस्ट्रीतल्या पाच हजार नोंदी हे त्याचं उत्तर होत नाही.

उणे_ऐंशी

आणि पीएचडीच्या मुलाखतीत वॉर्डातले किस्से चालत नाहीत. 'तुमचा कंट्रोल काय होता, तोच का' हे विचारतात. दोन्ही दगडांवर पाय ठेवायचा असेल तर तपासनीस यांनी सांगितलेलं ट्रायलचं काम त्यातल्या त्यात मधलं.

कोरी_वही

ट्रायलचंच बघावं असं वाटतंय. शिफारसपत्र नेमकं कधी आणि कसं मागायचं? पाच महिन्यांत मागणं आगाऊपणा वाटणार नाही ना?

तपासनीस

आगाऊपणा नाही, उलट रुजू होतानाच सांगून टाका: 'मला अमुक महिन्यात अर्ज करायचेत, तोपर्यंत कामाने खात्री पटली तर पत्र मागेन.' त्याने दोन गोष्टी होतात. ते तुमच्याकडे लक्ष ठेवतात, आणि तुम्हाला वर्षअखेरीस जायचंय हे लपत नाही. पहिल्याच दिवशी 'दोन वर्षं राहीन' म्हणून सांगून दहाव्या महिन्यात निघणाऱ्याला चांगलं पत्र मिळत नाही. करारात नोटिशीचा काळ किती, तेही बघा. दोन-तीन महिन्यांचा असेल तर तुमच्या प्रवेशाच्या तारखेतून तो आत्ताच वजा करा.

पत्र प्रमुख संशोधक लिहितील, पण तुमचं रोजचं काम त्यांनी पाहिलेलं नसतं, सीनियर कोऑर्डिनेटरने पाहिलेलं असतं. म्हणून मागताना एक पानभर टिपण द्या: कोणत्या ट्रायल, तुमच्यावर काय सोपवलं होतं, किती पेशंटचा पाठपुरावा तुमच्याकडे होता, मॉनिटरच्या भेटीत तुमच्या नोंदींवर किती शंका निघाल्या आणि त्या कशा मिटल्या. हे आकडे आठवून लिहिता येत नाहीत, म्हणून दर शुक्रवारी पाच ओळी लिहून ठेवा. त्यात पेशंटचं नाव किंवा ओळख पटेल असं काहीही नको, पेशंटचा ट्रायलमधला क्रमांकसुद्धा नको. टिपण कोऑर्डिनेटरच्या नजरेखालून घालून मग संशोधकांकडे. अंतिम तारखेच्या किमान चार आठवडे आधी, आणि कुठे, कोणत्या पद्धतीने अपलोड करायचं ते त्याच ईमेलमध्ये.

एक राहिलं. निघताना डेलिगेशन लॉगवर तुमच्या कामाची शेवटची तारीख सहीनिशी चढवून घ्या आणि प्रशिक्षणाच्या सगळ्या प्रमाणपत्रांच्या प्रती स्वतःकडे ठेवा. सहा महिन्यांनी ऑडिट आलं आणि लॉगवर तुम्ही अजून कामावरच दिसत असाल, तर फोन तुम्हालाच येतो.